तीनास एक

पोरीचं डोकं इंजिनाच्या खड्ड्यात होतं आणि पाय आकाशाकडे. तशा अवस्थेत ती गिअरबॉक्सवरचा रंग खरवडत होती. बाबांना रंगकामाचा भारी उत्साह. दरवर्षी ते बोटीला हिरवा रंग द्यायचे. उरलेला इंजिनाला, त्यातून उरला तर गिअरबॉक्सला. एकदा डुलकी लागलेल्या शेजाऱ्याच्या चपलांनाही लागला होता. गिअरबॉक्सची माहिती देणारी पट्टी त्या थरांखाली केव्हाच गाडली गेली होती.

"अगं, गिअरबॉक्स म्हणजे गिअरबॉक्स. त्याचं काय आडनाव विचारायचंय?"

"बाबा, उद्या बंदराचे साहेब घड्याळ घेऊन बसणार आहेत. जी बोट आधी पलीकडे पोचेल, खाडीपार माणसं न्यायची फेरी तिची. आणि आपल्या बोटीला बदकं ओव्हरटेक करतात."

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. बदकांचं खरं होतं.

पट्टी सापडली, पण तिच्यावरचे आकडे रंगाबरोबरच निघून आले. मग पोरीने खडू घेतला. एक खूण इंजिनाच्या चाकावर, एक बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर. इंजिन पळणार, पंखा जरा सावकाश फिरणार. मधली वाटाघाट गिअरबॉक्सची. त्यांच्या बोटीला इंजिनाचे दोन फेरे आणि पंख्याचा एक, असं गणित हवं होतं. तिने गिअर टाकला आणि बाबांना हाताने चाक फिरवायला लावलं.

एक फेरा. दोन फेरे. दांड्यावरची खूण अजून भलतीकडेच. तिसऱ्या फेऱ्याला ती आरामात जागेवर आली.

"तीनास एक! बाबा, हा आपला नाहीच! हा रेती वाहणाऱ्या अवजड बोटीचा. इंजिन बिचारं जीव तोडून पळतंय, आणि पंखा शतपावली घालतोय."

"मग आपला कुठाय?"

धक्क्यावर दोरखंड गुंडाळत बसलेली आई उठली. लग्नाआधी ती आपल्या वडिलांच्या वर्कशॉपात फिटर होती; या बोटीची सगळी मोठी कामं तिथेच झालेली. ती घरी गेली आणि हातगाडीवर आपली माहेरची पेटी घेऊन आली. तिच्यात पितळेची भांडी आहेत, असं बाबा आजवर सगळ्यांना ऐटीत सांगत आले होते. आईने झाकण उघडलं. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला, तेल पाजलेला गिअरबॉक्स बाळासारखा झोपला होता.

मायलेकींनी तो बसवला. बाबांना रंगाच्या डब्यापासून लांब ठेवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी घड्याळ लावलं, पोरीने सुकाणू धरलं आणि बोट अशी सुटली, की बाबांची टोपी अलीकडेच राहिली. बदकं मागे पडली. फेरीवर डोळा ठेवून असलेला मोटरबोटवाला मागे पडला. त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं. पोरगी आनंदाने किंचाळत होती. पलीकडचा धक्का लागला तेव्हा बाबांच्या "अरे वा"मधला "वा" अजून निघायचा होता.

"म्हणजे इतकी वर्षं..." बाबा आईकडे वळले. "हा बदलला कोणी? आणि कशासाठी?"

"मीच," आई म्हणाली. "रोज तुमच्याच बोटीने कामाला जायचे ना मी. तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचं असायचं, आणि अख्खी खाडी तुम्ही घसा खाकरण्यातच घालवायचात."