अंबाडा

पोह्यांवर शेव कमी पडली. शेजारी कुणीतरी बोअरची मोटर सुरू केली. सोफ्यावरच्या सतरा वर्षांच्या वेदिकाच्या हनुवटीवर एक व्रण होता. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर, तीन चौकटींत, चाळिशीच्या तीन बायका बसल्या होत्या आणि तिघींच्याही हनुवटीवर तोच व्रण होता.

वेदिका अमरावतीची बेसबॉल पिचर, उजव्या हाताने चेंडू फेकणारी. तीन कंपन्यांनी तिच्या शरीराच्या नोंदी घेऊन, आपल्या हाताखाली खेळली तर ती चाळिशीत कशी असेल, ते घडवून पाठवलं होतं. त्यातली एक तिने एजंट म्हणून निवडायची होती. खोटं बोलायला त्यांना कायद्याने बंदी होती, काही गाळून सांगायला नव्हती.

"अठरा वर्षं परदेशी लीग," पहिली म्हणाली.

"मी कप्तान झाले," दुसरी म्हणाली.

तिसरी हसली. "मी तुले आधी एक हंगाम घरी बसवीन. मंग खेळ."

"घरी कायले? बुढी झाली काय वं तू?" वेदिका भडकली.

"चाळीस म्हणजे बुढीच, पोरी."

आईने बशी खाली ठेवली. "तिघीही जरा अंबाडा घाला बरं."

पहिलीचा उजवा हात खांद्याशीच थांबला. दुसरीने डाव्या हाताने कसाबसा चिमटा खोचला. तिसरीने दोन्ही हात मागे नेले आणि बोलता बोलता केस गुंडाळले.

वेदिका बघत राहिली. मग तिने तिसरीच्या चौकटीवर अंगठा टेकवला. "पण मायं डोकं खाऊ नको."

"तुयंच डोकं आहे थे," तिसरी म्हणाली, आणि आईला हसू आवरेना.

त्या सकाळी वेदिकाची वेणी आईने घातली होती, कारण वेदिकाचा उजवा हात वर जात नव्हता.