डांबर संपलं तिथून पुढे

देवदत्त अजून परतला नव्हता.

रियाधच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या पायथ्याशी, डांबरी रस्ता संपून खडीचा सुरू होतो तिथे त्यांची गाडी उभी होती. इंजिन चालू, एसी चालू. हेमलता ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून समोरच्या वळणाकडे बघत होती. त्या वळणाआड नवरा सायकलवरून दिसेनासा झाला तेव्हा ऊन कोवळं होतं. आता बॉनेटवरची हवा थरथरत होती.

"एक फेरी मारून येतो," तो म्हणाला होता. दर शुक्रवारी म्हणायचा. बँकेतला त्याचा इंग्रज मित्र डर्बीशरला परत गेला होता आणि तिकडच्या डोंगरांतल्या खडीच्या वाटांचे नकाशे ईमेलने पाठवत होता. चढ, उतार, दगडी कुंपणं, मधेमधे फाटकं. सायकल आत घेतली की फाटक मागे लावून घ्यायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. ऑगस्टमध्ये देवदत्त तिथे जाणार होता. सराव मात्र इथल्या टेकड्यांवर. "हिरवळ सोडली तर सगळं तेच," असं तो हसून सांगायचा.

हेमलताने पुन्हा फोन लावला. लागला नाही. टेकड्यांत शिरलं की रेंज जायची.

मागच्या सीटवरून नऊ वर्षांची स्वानंदी पुढे वाकली. "आई, ही इज सो लेट."

"पंक्चर झालं असेल गं."

पंक्चर काढायला एवढा वेळ लागत नाही, हे तिलाही कळत होतं. त्याच्याकडे पाण्याच्या दोनच बाटल्या होत्या. आणि एवढ्या वेळात त्या वाटेने एकही गाडी गेली नव्हती की आली नव्हती.

ती उतरली. अंगभर पायघोळ काळ्या अबायातून उन्हाचा चटका बसला. गाडीला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि स्टिअरिंगमागे बसली.

"आई, यू कान्ट! पोलीस पकडतील."

"इथे कुठले आलेत पोलीस? बेल्ट लाव."

नाशकात ती रोज मारुती चालवायची. इथे त्या वेळी बायकांना गाडी चालवायची परवानगीच नव्हती. आल्यापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी गचका देऊन पुढे गेली. खडी उडून पत्र्यावर ताडताड वाजू लागली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसता उतार. धुळीत सायकलच्या चाकाची रेघ कुठे दिसे, कुठे नाहीशी होई. नाहीशी झाली की हेमलता वेग कमी करून काचेकडे वाकायची.

आधी सायकल दिसली. पुढचं चाक पार वाकलेलं. देवदत्त खडकाला टेकून बसला होता. उजवा हात पोटाशी धरलेला. डोकं सावलीत, पाय उन्हात. तिने कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं, आणि घामाचा टिपूससुद्धा नव्हता.

"देवदत्त! ऐकतोयस ना? ऊठ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "फाटक लावलंस का?" तो म्हणाला. "मेंढ्या जातील."

स्वानंदी फिसकन हसली. मग आईचा चेहरा बघून गप्प झाली.

दोघींनी ओढत, टेकू देत त्याला मागच्या सीटवर आडवा केला. हेमलताने डोक्यावरची ओढणी सोडली, बाटलीभर पाण्यात भिजवली आणि मुलीच्या हातात दिली. "मानेवर, काखेत, कपाळावर. थांबू नकोस. बाबांशी बोलत राहा."

डांबरापाशी पोचताच तिने गफूरला फोन केला. रत्नागिरीचा गफूर टॅक्सी चालवायचा; अडीनडीला तोच.

"वैनी, तिथंच थांबा. अँब्युलन्सला कळवतो, मीपण निघालो. तासाभरात पोचतोच."

"तासभर?"

"गाडीला हात नका लावू. पोलिसांनी बघितलं तर साहेबांची नोकरी जाईल. व्हिसा त्या कफीलच्या हातात, तो काही ऐकून घ्यायचा नाही."

मागे स्वानंदी न थांबता बोलत होती, शाळेतलं, मैत्रिणींचं, काहीबाही. देवदत्तकडून हुंकारही येत नव्हता.

"गफूरभाई, जवळचं हॉस्पिटल कुठलं?"

"सरळ या," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिल्या पुलाखालून उजवीकडे."

हायवेवर ट्रकांची रांग होती. एका ट्रकवाल्याने वाकून तिच्याकडे पाहिलं आणि लांबलचक हॉर्न दिला. पुलाच्या अलीकडे समोरून पोलिसांची गाडी आली. हेमलताने वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. पोलिसांची गाडी बाजूने निघून गेली. आरशात ती लहान होईपर्यंत स्वानंदीही बोलायची थांबली होती.

"बोल गं," हेमलता ओरडली. "बाबांशी बोल!"

हॉस्पिटलच्या दारात दोघे वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. देवदत्तला उचलताना दुखरा हात हलला आणि तो कळवळून ओरडला. त्या ओरडण्याने हेमलताला रडूच आलं. गाडीत ठेवल्यापासून त्याचा तो पहिला आवाज होता. स्वानंदी स्ट्रेचरच्या मागे आत पळाली.

दारावरचा म्हातारा पहारेकरी पुढच्या खिडकीशी आला. आत वाकून त्याने मागची रिकामी सीट पाहिली, शेजारची पाहिली.

"ड्रायव्हर कुठाय?" त्याने अरबीत विचारलं.

हेमलताला अरबी चार शब्दांपुरतीच यायची. त्यातला एक पुरेसा होता.

"अना," ती म्हणाली. मी.

म्हाताऱ्याने मान वळवून रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, मग त्या टोकाला. मग त्याने दार उघडलं, गाडी मी लावतो अशी खूण केली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

तिला उतरायचं होतं. पण तिची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.