टॅनरचा उपास

अमेरिकेहून आलेला तरुण मॉर्मन धर्मप्रचारक टॅनर तेलंगणातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या जैनथच्या गल्ल्या तुडवून कावला होता. शिकून आला तेलुगू, आणि इथं घरोघर मराठी. पांढरा शर्ट, काळी नावपट्टी पाहून लोक त्याला सरकारी माणूस समजत आणि विचारत, "साहेब, जिल्हे तोडून राह्यले म्हनते, आमचं गाव कोन्या जिल्ह्यात?" येशूचं नाव काढेपर्यंत चहा यायचा. त्याच्या पंथात चहा वर्ज्य; नको म्हटलं की घरच्यांची तोंडं उतरत. आज तर पंथाचा महिन्यातून एकदा येणारा उपास होता, अन्नाचा कणही नाही. एका घरी रेणुकाबाईंनी कप पुढं करताच तो सुटकेनं म्हणाला, "उपवासम्!" बाई हरखल्या. "मंग आधी सांगाचं ना, बाप्पा!" आतून साबुदाण्याची ताटलीभर उसळ आली. पुन्हा नाही म्हणवेना. त्यानं बकाणा भरला. बाई समोर बसल्या. "तुमचा उपास कोन्या देवाचा?" याच प्रश्नासाठी तो सातासमुद्रापलीकडून आला होता, आणि तोंडात साबुदाणा होता.