मेणपेन्सिलीचं वर्तुळ

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेवर मेणाच्या पेन्सिलीने छोटं वर्तुळ काढलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह. “इथे सावली आहे असं वाटतंय. नक्की नाही सांगता येत. सुईने तुकडा काढून तपासायला हवा.”

“वाटतंय?” मुलीने आपल्या बाबांचा एक्स-रे पुढ्यात ओढला. “म्हणजे मॅडम, तुम्हाला कळत नाहीये?”

बाईंना राग आला नाही. वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यांनी स्वतः एका म्हाताऱ्या डॉक्टरला ऐकवलं होतं. तेव्हा एक्स-रे आईचा होता. म्हातारा असाच चाचरत बोलला, असंच वर्तुळ काढलं. बाईंनी नाक मुरडलं, जिन्यातच ते वर्तुळ रुमालाने पुसून टाकलं आणि एक्स-रे थेट एका बड्या डॉक्टरकडे नेला. त्याने तो उजेडाकडे धरला आणि चुटकीसरशी खाली ठेवला. “छाती एकदम स्वच्छ. खुशाल घरी जा.” ज्ञान कशाला म्हणतात ते त्या दिवशी पाहिलं, असं त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. वर्ष सरायच्या आत आई गेली.

तो एक्स-रे त्यांनी टाकला नाही. डॉक्टरी शिकायला लागल्या तेव्हा पाहिला. काहीच नव्हतं, शपथेवर सांगितलं असतं. पाच वर्षांनी पाहिला तर डाव्या बरगडीमागे काहीतरी पुसट. आता हजारो छात्या पाहून झाल्यावर ती जागा त्यांना लगेच सापडते, पण छातीठोकपणे काही सांगवत नाही. त्या म्हाताऱ्याला किती येत होतं, हे कळायला एवढी वर्षं जावी लागली. माफी मागायला गेल्या तेव्हा त्याच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी होती.

मुलगी उठली होती. काचेच्या दारापाशी थांबून ती बाहीने एक्स-रेवरचं वर्तुळ पुसत होती.

“थांब!” बाई ओरडल्या. एवढं खोटं त्या या खुर्चीत बसून कधी बोलल्या नव्हत्या. “गाठ आहे. शंभर टक्के. उद्या सकाळी बाबांना घेऊन ये.”

मुलगी मटकन खाली बसली. पोटभर रडली. मग डोळे कोरडे करून पहिल्यांदाच आदराने त्यांच्याकडे बघत म्हणाली, “आधीच असं बोलायचं ना, मॅडम. मला उगाच वाटलं, तुम्हाला काही येत नाही.”