निघण्याआधीची कॉफी

पहिल्या दुकानातली कॉफी आईने एका घोटातच बाजूला सारली. ‘ही कॉफी नाही. कप विसळलेलं पाणी आहे.’

लेकीला हसू आलं. आपला कप तिनेही अर्धाच ठेवला आणि सामानाची गाडी पुढे ढकलली. दोन बॅगा होत्या. वरच्या बॅगेत लग्नाचे कपडे होते, आईने स्वतःच्या मशीनवर शिवलेले. चुरगळू नयेत म्हणून आई दर वळणावर बॅगेवर हात ठेवत होती.

लग्न रविवारी होतं. चार दिवस आधी जाऊन नवं घर नजरेखालून घालावं, तोवर होणाऱ्या नवऱ्याच्या बहिणीकडे उतरावं, असं ठरलं होतं. बाकीची मंडळी आदल्या दिवशी पोचणार होती. लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. तिने रजा टाकली होती.

विमानतळाच्या बाहेरच्या हॉलमध्ये वेळ भरपूर होता. पण हवी होती ती दोन कप धड कॉफी. या दोघींच्या घरात महत्त्वाचं बोलणं नेहमी कॉफीवरच व्हायचं. बाबा गेले त्यानंतरचं घर कसं चालवायचं, हेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी पितापिता ठरलं होतं. आज काहीतरी बोलायचं राहिलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुसरं दुकान चकचकीत होतं. खुर्च्या मऊ, कप केवढाले. कॉफी मात्र करपलेली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आई पुटपुटली आणि उठलीच. ती मुद्दाम वेळ काढतेय की काय, अशी शंका लेकीच्या मनात आली.

तिसरी जागा वरच्या मजल्यावर, जिन्याच्या आडोशाला होती. एक बाई समोर दळून कॉफी करत होती. वासानेच आई थबकली. पहिला घोट घेऊन तिने डोळे मिटले, तेव्हा लेकीने मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला.

एवढ्यात लेकीचा फोन वाजला. ‘तो तिकडच्या विमानतळावर येऊन बसलाय,’ ती म्हणाली.

‘आत्तापासून? अजून इथून विमान हललं नाही.’

‘घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे. उशीर झालेला चालत नसेल.’

आई हसली. मग बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, ‘एक विचारू? मनापासून सांग. तू नाराज नाहीस ना?’

लेकीने कप खाली ठेवला. खोटं बोलायचं असतं, तर त्यासाठी पहिल्या दुकानातली कॉफीही चालली असती.

‘आधी होते,’ ती म्हणाली. ‘मग तो आपल्याकडे आला. उठताना आपला कप आपण विसळून ठेवला. तेव्हा म्हटलं, ठीक आहे.’

‘एवढ्यावर माणूस पारखलास?’

‘आपल्या घरात याआधी कुठल्या पुरुषाने विसळला होता?’

बाबांची आठवण दोघींनाही एकदमच आली.

‘अजूनही नाही म्हणता येईल,’ आई हळूच म्हणाली. ‘लोक काय, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील.’

‘नाही म्हणायचंय का?’

आईने खिडकीबाहेर पाहिलं. एक विमान सावकाश वळत होतं. ‘बाईने घर सोडायचं म्हटलं की पोटात खड्डा पडतोच,’ ती म्हणाली. ‘तुझ्या बाबांच्या घरी आले, तेव्हा मलाही पडला होता.’

‘मग?’

‘मग काय. भरला हळूहळू.’

कॉफी संपली. आईने तळाचा थेंबही सोडला नाही. लिफ्टने खाली येऊन दाराकडे जाताना तिच्या सूचना सुरू झाल्या: जेवण टाळायचं नाही, झोपताना दाराची कडी बघायची, सर्दी अंगावर काढायची नाही. लेक हो हो म्हणत होती. तिचा आवाज मध्येच चिरकला, तेव्हा तिने खोकल्याचं निमित्त केलं. आईने लेकीचा हात आपल्या हातात घेतला, रस्ता ओलांडताना घ्यायची तसा.

आत जायच्या दाराशी पहारेकऱ्याने त्यांना थांबवलं. इथून पुढे फक्त प्रवासी, तो म्हणाला. दोघींनी एकमेकींना मिठी मारली. मागे रांग खोळंबली, तरी कुणी घाई केली नाही.

शेवटी पहारेकऱ्यानेच तिकिटासाठी हात पुढे केला. ‘तुमच्यापैकी जातंय कोण?’

‘मी,’ आई म्हणाली, आणि त्याने विचारलंही नसताना सांगून टाकलं, ‘रविवारी माझं लग्न आहे.’