मैदानातलं घर

शेवटचा तास संपला तरी एक घर अजून मैदानातच होतं.

भूगोलाच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. अक्षांश आधी, रेखांश नंतर, हे सकाळपासून सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. चाळीस मुलांत दोन जीपीएस यंत्रं, त्यातलंही एक मधेच मान टाकायचं. तरी अकरावीच्या पोरांनी पंधरा दिवस खपून, आपापल्या दारात उभं राहून आकडे टिपून आणले होते. पडद्यावरच्या नकाशात एकोणचाळीस घरं नावानिशी जागच्या जागी बसली होती. चाळिसावं कॉलेजच्या मैदानात, गोलपोस्टला खेटून.

"ही तिसरी खेप, बाळा," बाई म्हणाल्या. वर्ग पांगला होता. ती मुलगी तेवढी बाकावर उरली होती. "पाच-दहा मीटर इकडेतिकडे झालं तर मी समजू शकते. पण तू काय गोलकीपरकडे राहतेस?"

मुलगी हसली नाही. सॅकचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"चूक नाहीये, मॅडम. मी मुद्दाम टाकलंय तिथे."

"का गं?"

"हा नकाशा वेबसाइटवर जाणार ना? सगळ्यांना दिसेल?"

"हो. प्राचार्यांना घाई झालीय."

"मग बाबांनाही दिसेल." ती थांबली. "वर्षभरातलं हे तिसरं घर आहे आमचं. मागचा पत्ता त्यांना शाळेच्या ऑफिसातून मिळाला. मुलीचा बाप म्हणून दिला कुणीतरी. आईचा हात तेव्हाच मोडला."

बाई समोरच्या बाकावर टेकल्या. चौदा वर्षं त्या मुलांना एकच गोष्ट घोकून घेत आल्या होत्या: ठिकाण जितकं अचूक, तितकं चांगलं.

दारातून प्राचार्य डोकावले. "झाला का नकाशा? आजच चढवू म्हणतो."

"नाही सर," बाई म्हणाल्या. "सगळेच ठिपके चुकलेत. यंत्रातच घोळ आहे."

"अहो, दुपारी तर तुम्हीच म्हणालात, अगदी उंबऱ्यापर्यंत बरोबर आलेत म्हणून!"

"माझ्याच लक्षात आलं नाही."

"म्हणजे पंधरा दिवस पाण्यात." प्राचार्यांनी मान हलवली. "थकलात तुम्ही, मॅडम."

"हो," बाई म्हणाल्या. तेवढं मात्र खरं होतं.

प्राचार्यांची पावलं जिन्यावरून उतरली. मग बाईंनी चाळीसही ठिपके निवडले आणि पुसून टाकले. उद्या मुलं वर्ग डोक्यावर घेणार, हे त्यांना दिसत होतं. निघायला म्हणून उचललेली पर्स त्यांनी परत टेबलावर ठेवली.

"फोन काढ तुझा. आपण कुठे आहोत ते शोधायला शिकवलं मी. ते लपवायला शिकवायचं राहिलंच."

मुलीने खुर्ची जवळ ओढली. कुठलं अ‍ॅप गुपचूप ठिकाण कळवतं, फोटोबरोबर जागा कशी जाते, बाई घोगऱ्या आवाजात एकेक दाखवत गेल्या. मुलगी वहीत उतरवून घेत होती, क्रमांक घालून.

"आईच्या फोनमध्येही हे सगळं करावं लागेल," बाई म्हणाल्या. "आत्ता कुठे असतील त्या?"

मुलीने मान वर केली. उत्तर ओठांवर आलं होतं. तिने बाईंकडे क्षणभर निरखून पाहिलं.

"जवळच," ती म्हणाली.