खिडकीखालची गाडी

गाडीच्या कंपनीचं पत्र धोंडबानं तिसऱ्यांदा वाचलं. त्याची डिझेल गाडी फक्त चाचणीपुरता धूर कमी दाखवायची. रस्त्यावर कितीतरी जास्त विषारी धूर सोडायची. बायको रुक्माला दमा, म्हणून मुद्दाम कमी धुराची गाडी घेतली होती. चार वर्षं रोज सकाळी तिच्याच खिडकीखाली तो इंजिन गरम करत आला होता.

तो अंगणात येरझारा घालू लागला.

"काऊन असे फिरून राहिले जी?" रुक्मा दारात आली. "मले लय दम लागून राहिला. दुर्ग शहरातल्या दवाखान्यात चला, गाडी काढा."

धोंडबानं किल्ली घेतली, पण गाडी सुरू न करताच तो ती ढकलू लागला.

"बंद पडली काय जी?"

खिडकी पार मागे पडेपर्यंत तो गाडी ढकलतच राहिला.